तिसरी कमान

नायरा कोंदार्को या मुलीला नापास करायचंच, असं ठरवून मी त्या दिवशी सकाळच्या बसमध्ये बसले. फेब्रुवारीतली थंडी, खिडकीच्या फटीतून येणारं वारं आणि शेजारी घोरणारा एक गलेलठ्ठ गृहस्थ, या सगळ्याचा रागही मी तिच्याच नावावर टाकला.

मुलीला मी कधी पाहिलं नव्हतं. ती बोलिव्हियातल्या ओरुरोची. पाच वर्षांपूर्वी ती इथे स्पेनमध्ये, कास्तियातल्या जुन्या विद्यापीठात मध्ययुगीन वास्तुकला शिकायला आली आणि वाल्देकुएर्वो गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावर तिने प्रबंध लिहिला, एवढंच मला माहीत होतं. तोंडी परीक्षेच्या मंडळातला एक जण तापाने आडवा झाला, म्हणून आयत्या वेळी मला बोलावणं आलं. दुसरं कुणाला बोलावणार? त्या मनोऱ्यावर जगात दोनच पुस्तकं आहेत. एक डॉन एवेलिओंचं आणि एक माझं. डॉन एवेलिओ मंडळाचे अध्यक्ष होतेच.

प्रबंध मी वाचला. सुरुवातीला आनंदाने, हे कबूल करायला हवं. चौथं प्रकरण तर इतकं चांगलं होतं की मला मत्सर वाटला. मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या बाजूला, काही दगडांवर वेगळ्याच छिन्नीच्या खुणा तिला सापडल्या होत्या. त्यावरून तिने मांडलं होतं की मूळ काम अर्धवट राहिलं आणि तेराव्या शतकात पाथरवटांची दुसरी टोळी येऊन ते पुरं करून गेली. मला तशा खुणा पाहिल्याचं आठवत नव्हतं. पण इतक्या वर्षांनी काय काय आठवणार, म्हणून मी पुढे वाचत गेले. आणि मग ती तळटीप आली.

‘डॉ. कासिल्दा अरोयुएलो यांचं उत्तर बाजूचं चित्र पाहता, त्या मनोऱ्यावर कधी चढल्याच नसाव्यात हे उघड आहे.’

उघड आहे म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही पोरगी पाळण्यातही नव्हती तेव्हा मी त्या मनोऱ्यावर चढत होते. दगडी जिना मध्येच कोसळलेला, म्हणून आत लाकडी शिडी लावून चढत होते. शेवटच्या दिवशी शिडीची पायरी मोडली आणि मी कॅमेऱ्यासकट खाली आले. कॅमेरा गेला, आतली फिल्म गेली, गुडघा गेला. वाचली ती कोटाच्या खिशात कोंबलेली चित्रं. त्या चित्रांवर मी पुस्तक लिहिलं आणि त्यानंतर कुठल्याही मनोऱ्यावर चढले नाही. आजही थंडी पडली की तो गुडघा मला वाल्देकुएर्वोची आठवण करून देतो. आणि ही म्हणते, चढल्याच नसाव्यात.

बसस्टँडवर फेर्मिन छत्री घेऊन उभा होता. फेर्मिन तिचा मार्गदर्शक, माझ्याबरोबरचाच, स्वभावाने गरीब आणि कण्याच्या जागी उकडलेला बटाटा.

“कासिल्दा, जरा सांभाळून घे हं,” तो म्हणाला. “पोरीची शिष्यवृत्ती संपली. ओरुरोच्या विद्यापीठात तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय, पण महिनाअखेरपर्यंतच. आज पास झाली तर ठीक, नाहीतर पाच वर्षं पाण्यात गेली म्हणून समज.”

“माझ्यावरची तळटीप वाचलीस का?”

“कुठली तळटीप?”

हा मार्गदर्शक! मी त्याला ती तिथेच, पावसात, पाठ म्हणून दाखवली. त्याचा चेहरा पडला.

“अगं, पण आता काय करणार? प्रबंध दाखल झाला. पास झाला की जसा आहे तसा ग्रंथालयात जाणार, एक अक्षर बदलता येत नाही. नापास झाला तरच दुरुस्ती.”

“मग सोपं आहे की,” मी म्हणाले. “नापास करू, म्हणजे दुरुस्त होईल.”

“कासिल्दा, असं नको ना बोलूस.”

“छत्री नीट धर. माझ्या खांद्यावर पाणी पडतंय.”

परीक्षेची खोली म्हणजे जुन्या मठातलं जेवणघर. भिंती इतक्या जाड की आत उन्हाळ्यातही कोट लागतो. समोर उंच लाकडी चौथरा, त्यावर आम्ही तिघं. मध्ये डॉन एवेलिओ, ऐंशीला टेकलेले, पांढरीशुभ्र दाढी, निवृत्त होऊनही रोज येऊन सगळ्यांच्या मानेवर बसणारे. डावीकडे पोर्तुगालहून आलेले डॉक्टर लोबातो, यांचं लक्ष परतीच्या गाडीकडे. उजवीकडे मी. खाली टेबलामागे ती, एकटी. ठेंगणी, रुंद खांद्यांची, काळं जाकीट, कानावर पेन्सिल. मागे बाकांवर विभागातली पोरं आणि काही प्राध्यापक. तमाशा बघायला माणसं कधी कमी पडत नाहीत.

आमच्याकडे या परीक्षेची एक रीत आहे. परीक्षक बोलतो, उमेदवार खाली मान घालून ऐकतो आणि मग आभार मानतो. तुमच्या प्रबंधात डोकं नाही म्हटलं तरी आभार. हे पुस्तक तुम्ही वाचलेलं दिसत नाही, म्हटलं तर आणखी आभार. ‘डॉक्टरांच्या मौलिक सूचनेने माझं काम समृद्ध होईल.’ अपमान जेवढा मोठा तेवढे आभार लांब. मीही मानले होते आणि डॉन एवेलिओंचेच मानले होते. फेर्मिनने तिला हेच पढवलं असणार.

लोबातोंनी थोडी स्तुती केली, चार मुद्रणदोष दाखवले. तिने आभार मानले. मग माझी पाळी आली.

“कुमारी कोंदार्को,” मी म्हणाले, “मी त्या मनोऱ्यावर चढले नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुमच्या चित्राने, डॉक्टर.”

बाकांवर चुळबुळ झाली. फेर्मिनने डोळे मिटून घेतले.

“आधी आभार मानायचे असतात,” डॉन एवेलिओ दाढीत हसत म्हणाले. “तुमच्याकडे, त्या डोंगरात, ही पद्धत नसेल.”

ती त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. “तुम्ही वरच्या मजल्यावर उत्तरेला तीन कमानी काढल्यात, डॉक्टर. तिथे दोन आहेत. वर गेलेला माणूस दोन आणि तीनमध्ये चुकत नाही. म्हणून मी तसं लिहिलं.”

“तीन आहेत. मी मोजल्यात.”

“दोन आहेत. मीही मोजल्यात. मागच्याच सप्टेंबरात.”

“म्हणजे मी खोटं बोलते?”

“नाहीतर मी बोलते,” ती म्हणाली. “फोटो दाखवू?”

प्रबंधाचा चित्रांचा खंड मला मिळालाच नव्हता, आयत्या वेळच्या पाहुणीला कोण पाठवतो! उत्तर बाजू गावातून दिसतही नाही. तिच्या खाली सरळ दरी आहे, बघायचं तर वरच जावं लागतं. तिने पडद्यावर फोटो लावला. मी चौथऱ्यावरून उतरले, गुडघा दाबत दाबत पडद्याजवळ गेले. दोन कमानी, आणि तिसरीच्या जागी सपाट भिंत.

तिथे रुंद, बुटकी कमान होती. तिच्या उंबऱ्यावर बसून, दरीत पाय सोडून, मी रोज दुपारी बटाट्याचं आमलेट घातलेला पाव खाल्ला होता. पायाखाली गिधाडं फिरायची. माझ्या आयुष्यात त्या उंबऱ्याइतकी चांगली जागा मला पुन्हा मिळाली नाही.

“हे दगड इथे नव्हते,” मी म्हणाले. “मी इथे बसून जेवले आहे.”

“कासिल्दा,” डॉन एवेलिओ मागून प्रेमळ आवाजात म्हणाले, “तू तिथून पडली होतीस ना गं? डोक्यावर?”

सगळी खोली हसली. फेर्मिनही हसला, हे मी विसरणार नाही.

“गुडघ्यावर पडले, डॉन एवेलिओ. गुडघ्याने मी मोजत नाही.”

एकटी ती मुलगी हसली नाही. ती टेबलामागून बाहेर येऊन माझ्या शेजारी उभी राहिली होती. कानावरची पेन्सिल आता दातांत होती.

“डॉक्टर, तुम्ही बसायचा त्या दगडावर खुणा कशाच्या होत्या?”

“पाथरवटाच्या कुऱ्हाडीच्या. लांब, तिरप्या. सगळ्या मनोऱ्यावर तशाच आहेत.”

“या भागात दातेरी छिन्नीच्या आहेत. बारीक, कंगवा फिरवल्यासारख्या.” ती थांबली. “माझं चौथं प्रकरण याच दगडांवर आहे.”

“ठाऊक आहे मला.”

“वीस वर्षांपूर्वी मनोऱ्याची डागडुजी झाली, तेव्हाच्या अहवालात छप्पर आणि घंटेची चौकट, एवढंच आहे. भिंतीचं नाव नाही.”

ती हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. पण डागडुजीचा सल्लागार कोण होता, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी संगमरवरावर नाव कोरलेलं आहे. मी वळून डॉन एवेलिओंकडे पाहिलं. त्यांचं पुस्तक माझ्या आधीचं. त्यात त्यांनी खालूनच ठरवून टाकलं होतं की चारही बाजूंना दोन-दोन कमानी असणार, कारण मनोरा फ्रान्सहून आलेल्या एकाच उस्तादाचा आणि तो उस्ताद जोडीशिवाय कमान बांधत नसे. मग माझं पुस्तक आलं, तीन कमानींचं. त्यावर ते जन्मात एक शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, तुच्छता आहे. हा माणूस उत्तर द्यायचा राहिला नव्हता. त्याने ते दगडात दिलं होतं.

“तुम्ही बुजवलीत,” मी म्हणाले.

“कबुतरांचं भोक होतं ते!” ते एकदम उसळले. “गावातल्या अडाण्यांनी मागाहून फोडलेलं. मी मनोऱ्याला त्याचं मूळ रूप परत दिलं. याला जीर्णोद्धार म्हणतात, कासिल्दा. मीच शिकवलंय तुला.”

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं काय बोललो ते. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला.

“म्हणजे माझं चौथं प्रकरण खोटं आहे,” नायरा म्हणाली.

“अगं, गप्प बस!” फेर्मिन बाकावरून ओरडला.

“तेराव्या शतकातले म्हणून मी ज्या पाथरवटांचं वर्णन केलं, ते डॉन एवेलिओंनी आणलेले कामगार होते.” तिने पेन्सिल पुन्हा कानावर खोचली. “ते प्रकरण मी मागे घेते. आणि डॉक्टर अरोयुएलो वर चढल्या होत्या. तसं नोंदवून घ्या.”

नोंदी लिहिणारी मीच होते. मी चौथऱ्यावर परत जाऊन ते लिहिलं. मला वाटलं होतं, ही पोरगी माझ्यासमोर गोरीमोरी झाली की माझ्या जिवाला गारवा वाटेल. ती झाली आणि मी नोंदवहीतून मान वर केली नाही.

मग रीतीप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं आणि आम्ही तिघंच उरलो.

“यात चर्चा करण्यासारखं काही नाही,” डॉन एवेलिओ म्हणाले. “उमेदवाराने स्वतःच कबूल केलं. नापास.”

“पास,” लोबातो म्हणाले. “बाकीची प्रकरणं भक्कम आहेत. आणि साहेब, माझी गाडी आहे.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. डॉन एवेलिओंनी खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि आवाज खाली आणला. माझ्या विद्यार्थिदशेत ते असा आवाज काढायचे तेव्हा मी दोन दिवस खूश असायची.

“हे बघ कासिल्दा, तू काय ठरवून आलीस ते फेर्मिनने मला सांगितलंय. बरोबरच ठरवलंस. ती वर्षभराने सुधारून आणेल. तुझ्यावरची तळटीप जाईल, तुझं नाव स्वच्छ. भिंतीचं तू बोलू नकोस, डोक्यावर पडलीस ते मी पुन्हा काढणार नाही. आपण सगळे एकाच घरातले. ती काय, आज आहे, उद्या जाईल.”

“वर्षभराने तिची जागा राहायची नाही.”

“तो तिचा प्रश्न. पास केलीस तर ते वाक्य कायम राहील, लक्षात ठेव. तुझ्या मागे पोरं वाचतील, की या बाई वर चढल्याच नव्हत्या. नोंदवह्या कुणी उघडत नाही, प्रबंध उघडतात.”

खरंच होतं ते. मी सकाळी बसमधून हेच मागत आले होते आणि आता ते आयतं ताटात वाढून समोर आलं होतं. पण वाढणारा हात बघितला आणि माझी भूक मेली. मला त्या मुलीचा राग अजूनही होता, हे इथे स्पष्ट सांगते. उद्धट होती. एकदा फोन करून विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण ती फोटोसमोर उभी राहून माझ्याबरोबर बघत होती, आणि हा माणूस ते दगड तिथे बसवून वीस वर्षं माझ्याकडे बघून हसत आला होता.

“पास,” मी म्हणाले.

“पस्तावशील.”

“पस्तावेन. तुम्ही वाचून दाखवा.”

निकाल अध्यक्षानेच उभं राहून वाचायचा असतो, त्यातून सुटका नाही. दारं उघडली, सगळे आत आले, आणि डॉन एवेलिओंनी तो इतक्या हळू वाचला की मागून फेर्मिन म्हणाला, “काय झालं? ऐकू नाही आलं.” त्यांना परत वाचावं लागलं. नायराने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. ती रडली नाही, फक्त तिचे खांदे खाली आले.

आणि मग जेवण. नव्या डॉक्टरने परीक्षकांना जेवू घालायचं, ही आमची आणखी एक रीत. ज्यांनी सकाळभर सोललं त्यांनाच दुपारी वाढायचं. मला वाटलं, डॉन एवेलिओ निदान आज येणार नाहीत. आले की. टेबलाच्या टोकाला बसले, सगळ्यांच्या आधी कोकराचं भाजलेलं मांस मागवलं आणि रुमाल गळ्यात खोचला. लोबातोंनी गाडी सोडून दिली होती, कोकराचा वास लागला असावा. नायराच्या पुढ्यातली ताटली तशीच होती.

मांस अर्धं संपलं तेव्हा ग्लासवर चमचा वाजवून फेर्मिन म्हणाला, “आता आपल्या डॉक्टर दोन शब्द बोलतील.” म्हणजे आभार. सकाळचे राहून गेले होते ना.

ती ग्लास घेऊन उभी राहिली.

“डॉक्टर लोबातो, मुद्रणदोषांबद्दल आभार. फेर्मिन सर, मला गप्प बस म्हणालात त्याबद्दल आभार. पाच वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही माझं बोलणं लक्ष देऊन ऐकत होता.” फेर्मिन ताटलीत बघायला लागला. “डॉन एवेलिओ, चौथ्या प्रकरणाबद्दल मनापासून आभार. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात सुंदर प्रकरण तुमच्या गवंड्यांनी बांधलंय. माणसं चांगली निवडली होतीत.”

डॉन एवेलिओंचं चावणं थांबलं. हाड हातातच राहिलं.

आता माझी पाळी होती. मी पाठ ताठ करून बसले. माफी मागितली तर काय उत्तर द्यायचं, ते मी मनात जुळवून ठेवलं होतं, आणि ते काही गोड नव्हतं. ती माझ्याकडे वळली. मग ग्लास खाली ठेवला, कानावरची पेन्सिल काढली आणि टेबलावरच्या कागदी आच्छादनाचा आपल्या पुढचा कोपरा हाताने सपाट केला.

“कुठला गुडघा?” तिने विचारलं.

“काय?”

“लेख लिहिणार आहे मी. प्रबंध बदलता येत नाही, लेख कुणी अडवू शकत नाही. त्यात सगळं बरोबर यायला हवं. कुठला गुडघा?”

“डावा,” मी म्हणाले.

तिने लिहून घेतलं. तिचं अक्षर घाणेरडं आहे.

“आणि शिडी? वरचं टोक कशाला टेकवलं होतं?”

मी डॉन एवेलिओंकडे तोंड केलं आणि पलीकडच्या टेबलालाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, “तिसऱ्या कमानीला.”